कार्बन फूटप्रिंट आणि दारातला हवामान-धोका: घरच्या घरी हिशेब कसा मांडायचा

दोन वह्या करा. एकीत तुमच्या घरामुळे वर्षभरात हवेत किती तापमान वाढवणारा वायू जातो त्याचा हिशेब (हाच कार्बन फूटप्रिंट), दुसरीत बदलत्या हवामानामुळे तुमच्या घरावर काय येऊ शकतं त्याची नोंद. दोन्ही कामांत चूक एकाच जागी होते. ऑनलाइन गणकयंत्रावर आठ-दहा प्रश्नांची उत्तरं दिली, नकाशावर आपल्या भागाचा रंग पाहिला, की काम झालं असं वाटतं. स्वतःचा मीटर आणि स्वतःच्या घराचं जोतं मात्र न मोजलेलंच राहतं.

पहिल्या वहीसाठी लागणारं सामान: सलग १२ महिन्यांची वीजबिलं, स्वयंपाकाच्या गॅसच्या नोंदी, गाडीच्या ओडोमीटरचे वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे, विमानतिकिटं, एसी-फ्रिज दुरुस्तीच्या पावत्या. बारा महिने सलगच हवेत. एका महिन्याचं बिल बाराने गुणलं तर तो महिना उन्हाळ्याचा की थंडीचा यावर उत्तर दुपटीनेही बदलू शकतं.

आधी सीमा ठरवा

हिशेब घराचा करायचा की माणसाचा? घराचा करा आणि शेवटी माणसांनी भागा. वीज, गॅस, फ्रिज हे सगळ्यांचं सामाईक असतं. ते आधीच वाटत बसलात तर काही भाग दोनदा मोजला जातो, काही सुटून जातो. नोकरीच्या कामासाठी केलेला प्रवास कंपनीच्या खात्यात जातो. तो मोजायचाच असेल तर वेगळ्या पानावर लिहा. घरून काम करत असाल तर ती वीज घरच्या मीटरमध्ये आलेलीच असते, ती पुन्हा धरू नका.

एकक म्हणजे किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एसीतले वायू हे सगळे १०० वर्षांत जितकी उष्णता अडवतील तिची तुलना कार्बन डायऑक्साइडशी करून एकाच मापात आणलेले असतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल-मंडळाच्या सहाव्या अहवालात जीवाश्म स्रोतातल्या मिथेनचा गुणक २९.८ आहे आणि नायट्रस ऑक्साइडचा २७३. मिथेन हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो, त्यामुळे २० वर्षांचा हिशेब धरला तर त्याचा गुणक ८० च्या वर जातो. काही गणकयंत्रं २० वर्षांचा आकडा वापरतात. दोन ठिकाणची उत्तरं जुळत नसतील तर हे आधी तपासा.

वीज

बिलाची रक्कम बाजूला ठेवा, युनिट लिहा. रकमेत स्थिर आकार, कर, मागची थकबाकी असं बरंच काही मिसळलेलं असतं. वर्षाची युनिटं तुमच्या ग्रिडच्या उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे एका युनिटमागे किती किलो वायू निघतो त्या आकड्याने, गुणायची. गणित इतकंच, पण अडचण त्या गुणांकाचीच आहे. जगाची सरासरी युनिटला अर्ध्या किलोच्या आसपास आहे. जलविद्युत किंवा अणुऊर्जेवर चालणाऱ्या नॉर्वे, स्वीडन, फ्रान्ससारख्या देशांत हा आकडा ०.१ किलोच्याही खाली असतो, तर कोळशावर भर असलेल्या ठिकाणी ०.७ पासून १ किलोपर्यंत जातो. एकच फ्रिज एका देशात दुसऱ्या देशाच्या दहापट उत्सर्जन करतो, त्यामुळे परदेशी गणकयंत्राचा वीजविभाग जसाच्या तसा वापरू नये. आपल्या देशाच्या वीज प्राधिकरणाने जाहीर केलेला ताजा आकडा घ्या.

तो आकडा बहुधा वीजकेंद्राच्या दारातला असतो. तारांमधली गळती त्यात धरलेली नसते. गळती १५ टक्के असेल तर तुमच्या मीटरवर ८५ युनिटं येण्यासाठी केंद्रात १०० युनिटं तयार झालेली असतात, म्हणून ०.८५ ने भागा. इथे १.१५ ने गुणण्याची चूक सर्रास होते. फरक लहान आहे, पण दरवर्षी तोच राहतो.

छतावर सौर पॅनेल असतील तर घरात वापरलेली सौर युनिटं आणि ग्रिडला विकलेली युनिटं वेगळी लिहा. विकलेल्या युनिटांची वजावट स्वतःच्या फूटप्रिंटमधून करायची का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आमचं मत: ती खाली वेगळ्या ओळीत ‘टाळलेलं उत्सर्जन’ म्हणून दाखवा, बेरजेतून वजा करू नका. ज्याने ती वीज विकत घेतली तोही तिला स्वच्छ म्हणूनच मोजत असतो. पॅनेल बनवतानाचं उत्सर्जन आयुष्यभराच्या युनिटांवर पसरवलं तर युनिटला साधारण ४० ते ५० ग्रॅम पडतं, शून्य नाही.

डिझेल जनरेटर असेल तर त्याचं डिझेल लिटरमध्ये मोजा. छोटा जनरेटर एका युनिटला ०.३ ते ०.४ लिटर पितो, म्हणजे कोळशाच्या ग्रिडइतकं किंवा त्याहून थोडं जास्तच.

जळणारं इंधन

इथे अंदाजाला जागाच नाही, कारण हे सरळ रसायनशास्त्र आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे ०.७४ किलो, त्यात कार्बन ८७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.६४ किलो. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. ०.६४ ला ४४ ने गुणून १२ ने भागलं की २.३ ते २.४ किलो येतात. पाऊण किलोच्या इंधनातून सव्वादोन किलो वायू कसा निघतो, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी: वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं.

वहीत लिहून ठेवायचे गुणांक:

पेट्रोल: लिटरला २.३ किलो
डिझेल: लिटरला २.७ किलो
एलपीजी: किलोला ३ किलो
नळाचा नैसर्गिक वायू: घनमीटरला २ किलो
सीएनजी: किलोला २.७ किलो
रॉकेल: लिटरला २.५ किलो

हे फक्त जळण्याचे आकडे. तेल उपसणं, शुद्धीकरण, वाहतूक यांचं उत्सर्जन धरायला सुमारे २० टक्के वाढवा. एकदा ठरवलं की सगळ्या इंधनांना तेच लावा. वीज जळण्यापुरती आणि पेट्रोल विहिरीपासून, अशी सरमिसळ केली की विजेची गाडी उगाच चांगली किंवा वाईट दिसू लागते.

गाडीचं मायलेज माहितीपत्रकातून घेऊ नका. टाकी नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ओडोमीटर लिहा, काही दिवस चालवा, पुन्हा तशीच भरा. दुसऱ्यांदा गेलेली लिटरं आणि मधले किलोमीटर, एवढ्यात खरं मायलेज मिळतं. एका भरण्यावर विसंबू नका. तीन वेळा करून सरासरी काढा, कारण प्रत्येक पंपाचं नोझल वेगळ्या पातळीला बंद पडतं.

गाडीत चौघे बसले तर उत्सर्जन चौघांत वाटलं जातं. घरातलेच चौघे असतील तर वाटायची गरज नाही, शेजारी असेल तर आहे. बस-रेल्वेसाठी प्रवासी-किलोमीटरला ०.०२ ते ०.१ किलोमधला आकडा धरा. गर्दीची विजेवरची रेल्वे खालच्या टोकाला, रिकामी डिझेल बस वरच्या. यात फार अचूकतेच्या मागे लागू नका.

विजेच्या गाडीचा हिशेब सोपा आहे. १०० किलोमीटरला १५ युनिटं आणि मीटरवरचा गुणांक ०.८२ (०.७ भागिले ०.८५) असेल तर सव्वाबारा किलो. १०० किलोमीटरला साडेसहा लिटर पिणारी पेट्रोल गाडी, तीही विजेसारखीच फक्त जळण्यापुरती धरून, १५ किलो. कोळशाच्या ग्रिडवर फरक एवढाच, स्वच्छ ग्रिडवर प्रचंड. घरी चार्ज केलेली युनिटं घरच्या बिलात आलेली असतात, ती पुन्हा मिळवू नका.

विमान

दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घ्या. साध्या वर्गासाठी प्रवासी-किलोमीटरला जवळच्या उड्डाणात ०.१५ किलो, लांबच्या उड्डाणात ०.११ ते ०.१२ किलो धरता येतं. जवळच्या उड्डाणाचा आकडा जास्त, कारण वर चढतानाच इंधन सर्वाधिक जळतं. लांबच्या उड्डाणात बिझनेस क्लासची एक जागा साध्या तीन जागांइतकी पडते, कारण ती विमानातली तेवढी जागा अडवते.

आता खरा घोळ. उंचीवर सोडलेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि विमानामागे तयार होणारे बर्फाचे ढग यांचाही तापमानावर परिणाम होतो. तो धरायला काही गणकयंत्रं १.७ ते २ ने गुणतात, काही मुळीच गुणत नाहीत. विमानकंपन्यांची बरीचशी गणकयंत्रं दुसऱ्या प्रकारची. आम्ही १.७ वापरण्याच्या बाजूने आहोत, पण गुणक लावला की नाही हे वहीत स्पष्ट लिहा.

एसीतला वायू: सर्वांत जास्त विसरली जाणारी ओळ

एसी आला, थंड करेना, ‘गॅस भरला’, पावती फाडली, विषय संपला. हिशेबात मात्र ही ओळ वर्षभराच्या पेट्रोलपेक्षा मोठी निघू शकते. एसीचा वायू बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो ‘वापरून संपत’ नाही. जितका नवा भरला तितका जुना हवेत गेलेला असतो. आर-४१०ए चा गुणक २,०८८ आहे, जुन्या आर-२२ चा १,८१०, आर-३२ चा सुमारे ६७५ ते ७७०, प्रोपेन म्हणजे आर-२९० चा अवघा ३ किंवा त्याहून कमी. घरगुती स्प्लिट एसीत साधारण पाऊण ते सव्वा किलो वायू असतो. नेमकं वजन आणि वायूचं नाव बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

पुन्हा वायू भरायला सांगण्याआधी गळती शोधून घ्या. नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं हा जुना आणि चालणारा उपाय. दर उन्हाळ्यात वायू भरावा लागत असेल तर तो दरवर्षी टनभर उत्सर्जनाचा स्रोत आहे. एसी भंगारात देताना किंवा जागा बदलताना आतला वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा. त्याला तंत्रज्ञ ‘पंप डाउन’ म्हणतात. नळी सरळ कापली की तेवढा सगळा वायू हवेत जातो.

अन्न आणि वस्तू

अन्नाचे आकडे हे जगभरच्या शेतांची सरासरी असतात आणि दोन शेतांमधला फरक कित्येक पटींचा असू शकतो. म्हणून दशांश चिन्हाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. एक किलोमागे: बटाटा आणि बहुतेक भाज्या अर्धा किलो, गहू दीड, कडधान्यं एक ते दोन, भात साडेचार, अंडी पावणेपाच, कोंबडी दहा, चीज वीसच्या वर, बकरी-मेंढी चाळीसच्या आसपास, गोमांस साठ ते शंभर. दुधाला लिटरमागे तीन. भाताचा आकडा गव्हाच्या तिप्पट येतो, कारण पाणी भरलेल्या खाचरात ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात. एक महिना किती किलो आणलं ते लिहा आणि बाराने गुणा. इथे ऋतूचा फरक विजेइतका मोठा नसतो. अन्न किती लांबून आलं याची चिंता बहुतेक वेळा अनाठायी असते. जहाजाने आलेल्या धान्याची वाहतूक हा एकूण उत्सर्जनातला छोटा भाग, विमानाने आलेल्या नाशवंत मालाची मात्र मोठा.

वस्तूंसाठी: स्मार्टफोन ६० ते ८० किलो, लॅपटॉप २०० ते ३०० किलो, नवी गाडी ६ ते १० टन. वर्षात विकत घेतलेल्या वस्तू त्याच वर्षी पूर्ण लिहायच्या की आयुष्यावर वाटायच्या, हे एकदाच ठरवा. गाडी आयुष्यावर वाटलेली बरी, नाहीतर एका वर्षाचा आकडा डोंगरासारखा दिसतो. खर्च केलेल्या रकमेवरून उत्सर्जन काढणारी पद्धतही आहे, पण तिच्यात महाग शर्ट स्वस्त शर्टापेक्षा आपोआप जास्त प्रदूषक ठरतो. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच वापरा.

बेरीज, आणि तिची खोट

चौघांच्या घराचं एक उदाहरण. ३,००० युनिटं, गुणांक ०.७, गळती १५ टक्के: २,४७० किलो. ११० किलो एलपीजी, वरचे २० टक्के धरून: ४००. ४५० लिटर पेट्रोल, तसंच: १,२४०. दोघांचा एका बाजूने ११०० किलोमीटरचा विमानप्रवास जाऊन-येऊन, १.७ च्या गुणकासह: १,१२०. एसीत ०.८ किलो आर-४१०ए भरला: १,६७०. अन्न ३,३००, वस्तू ८००. एकूण ११,००० किलो, माणशी पावणेतीन टन.

आता प्रत्येक ओळीपुढे तिची संभाव्य चूक लिहा. वीज १० टक्के इकडे-तिकडे, इंधन ५, एसी १०, विमान ३०, अन्न ४०, वस्तू ५० टक्के. प्रत्येक ओळीची चूक किलोत काढा, तिचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा. या घरासाठी उत्तर १,४०० ते १,५०० किलो येतं, म्हणजे ११ टन, दीड टन कमी-जास्त. त्या दीड टनात जवळपास सगळा वाटा एकट्या अन्नाचा आहे. एलपीजीचे सिलिंडर आणखी काटेकोरपणे मोजण्यात घालवलेला रविवार या आकड्यात काहीच फरक पाडत नाही. महिनाभर किराणा तोलून लिहिला तर पाडतो. पुढच्या वर्षी बेरीज ५०० किलोने घटली तर ती खरी घट की मोजणीतला फरक, हेही या दीड टनावरूनच कळतं. म्हणून दोन वर्षांची तुलना एकूण बेरजेवर करण्यापेक्षा वीज, इंधन अशा पक्क्या ओळींवर करावी.

माणशी पावणेतीन टन हा आकडा जगाच्या माणशी सहा-सात टनांच्या सरासरीशेजारी ठेवून खूश होऊ नका. त्या सरासरीत रस्ते, रुग्णालयं, सरकारी इमारती, कारखाने, जंगलतोड सगळं मिसळलेलं आहे. तुमच्या वहीत ते नाही. तुलना करायचीच तर आपल्याच मागच्या वर्षाशी. जाता जाता: व्यक्तीने आपला कार्बन फूटप्रिंट मोजावा ही कल्पना लोकांपर्यंत नेण्यात बीपी या तेलकंपनीने २००४ च्या सुमारास काढलेल्या गणकयंत्राचा मोठा हात आहे. हा हिशेब मांडताना तेवढं डोक्यात असू द्यावं.

दुसरी वही: धोका

धोक्याचे तीन भाग असतात. संकट, म्हणजे पाऊस, उष्णता, समुद्र. त्या संकटाच्या वाटेत काय आहे. आणि वाटेत असलेलं किती लवकर मोडतं. नकाशे पहिला भाग दाखवतात. दुसरा-तिसरा तुम्हीच शोधायचा. ‘उच्च, मध्यम, कमी’ किंवा १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत ऑफिसांत चालते, घरी निरुपयोगी आहे. तिच्यातून निघालेल्या १२ ला काही अर्थ नसतो. त्याऐवजी वहीत असं वाक्य आलं पाहिजे: ‘रस्त्यावर ४० सेंटिमीटर पाणी आलं की पहिल्यांदा पाण्याचा पंप बंद पडतो.’

पाऊस आणि पाणी. सर्वांत जवळच्या हवामान केंद्राचे ३० वर्षांचे रोजचे आकडे मिळवा. जागतिक हवामान संघटनेचा सध्याचा मानक काळ १९९१ ते २०२० आहे. प्रत्येक वर्षातला सर्वाधिक एकदिवसीय पाऊस निवडा, तीसही आकडे उतरत्या क्रमाने लावा. ३१ ला क्रमांकाने भागलं की तेवढा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो ते मिळतं. तिसऱ्या क्रमांकाचा पाऊस सुमारे दहा वर्षांनी एकदा, पहिला ३१ वर्षांनी एकदा. ३० वर्षांच्या आकड्यांवरून शंभर वर्षांतल्या पावसाबद्दल बोलू नका. आणि केंद्रावरची मोजणी रोज ठराविक वेळेला होते, त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना कोसळलेला पाऊस दोन दिवसांत विभागला जातो. म्हणून लागोपाठच्या दोन दिवसांच्या बेरजेचीही अशीच यादी करा. गटारं तुंबतात ती तासाभराच्या पावसाने, त्यामुळे तासाचे आकडे मिळाले तर ते जास्त मोलाचे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते, पन्नास वर्षांतल्या पुराची ४५ टक्के. आणि हे हवामान जागच्या जागी थांबलं असं धरून. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. आयपीसीसीच्या मते १८५०-१९०० च्या काळात जमिनीवर दहा वर्षांतून एकदा पडणारा मुसळधार पाऊस दोन अंश तापमानवाढीत १.७ पट वेळा येईल, आणि तसाच उष्णतेचा दिवस ५.६ पट वेळा.

आता उंची. इंटरनेटवरच्या बऱ्याच पूर-नकाशांखाली २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेली उंचीची माहिती असते. त्या रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छतं जमिनीसारखीच दिसली, त्यामुळे दाट वस्तीत जमीन कित्येक मीटर उंच नोंदली गेली. ३० सेंटिमीटर पाण्याचा निर्णय या नकाशावर घेता येत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, १० मिलिमीटर व्यासाची, १५ ते २० मीटर लांब. बांधकामावरचे लोक याच नळीने लेव्हल काढतात. पाणी भरा, नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, दोन्ही टोकं उघडी ठेवा. एक टोक जुन्या पुराच्या खुणेशी धरा, दुसरं तुमच्या भिंतीशी, पाणी स्थिर झालं की खूण करा. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने. जुनी खूण म्हणजे भिंतीवरचा मातीचा पट्टा किंवा वयस्क शेजाऱ्याने दाखवलेली पायरी. दोघांनी स्वतंत्रपणे तीच पायरी दाखवली तर विश्वास ठेवा. मग त्या पातळीखाली काय येतं ते लिहा: मीटर, इन्व्हर्टरची बॅटरी, पंपाचं स्टार्टर, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, औषधांचं कपाट. पाणी दारातूनच येतं असं नाही. तळमजल्यावर ते बहुधा आधी संडास आणि मोरीच्या पाइपातून उलटं वर येतं. तिथे एकतर्फी झडप बसवता येते.

गच्चीवर पडणारा पाऊस मोजणं सोपं आहे: १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर १ लिटर. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ६० मिलिमीटर पडला तर तासात ६,००० लिटर, मिनिटाला शंभर. तुमचा पाइप मिनिटाला तेवढं वाहून नेतो का, हे बादली आणि घड्याळ घेऊन तपासा.

समुद्राजवळ राहत असाल तर भरती-तक्त्यातली उंची आणि नकाशावरची उंची एकाच शून्यापासून मोजलेली आहे का, ते आधी पाहा. भरती-तक्ते सर्वांत खोल ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजतात, जमिनीचे नकाशे सरासरी समुद्रपातळीपासून. हा फरक काही ठिकाणी दोन-तीन मीटरचा असतो आणि तो विसरल्यामुळे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात.

उष्णता. नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना वेट-बल्ब तापमान, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं तापमान, २४ च्या आसपास असतं. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते ३० होतं. दुसरा दिवस शरीरासाठी जास्त घातक, कारण घाम वाळत नाही. ३५ वेट-बल्ब ही सैद्धांतिक मर्यादा म्हणून सांगितली जाते, पण निरोगी तरुणांवरच्या प्रयोगांत दमट हवेत शरीर त्याच्या बरंच खाली, ३१ च्या आसपासच हरू लागलं. वृद्ध आणि आजारी त्याहूनही आधी.

स्वस्त आर्द्रतामापक वापरणार असाल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडंसं पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. ते आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, बारा तास. आत ७५ टक्के आर्द्रता असते. मापक ८१ दाखवत असेल तर प्रत्येक नोंदीतून ६ वजा करा. मग तो झोपायच्या खोलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, भिंतीला न चिकटवता, उन्हाच्या आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा आणि सर्वांत गरम पंधरवड्यात दुपारी तीनला आणि पहाटे पाचला नोंद करा. पहाटेची नोंद जास्त महत्त्वाची. काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडतं, आणि रात्री शरीर सावरलं नाही की दुसरा दिवस अंगावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली ठेवण्याचा आहे. तुमचा पहाटेचा आकडा २४ पासून किती दूर आहे, ते वहीत ठळक लिहा. खोली ४० च्या वर गेली की पंखा गार करण्याऐवजी अंगावर गरम हवा फेकतो, हेही घरातल्या वृद्धांना सांगून ठेवा.

पुढच्या दशकांचे अंदाज पाहायचे तर आयपीसीसीचा ऑनलाइन अ‍ॅटलास फुकट आहे. त्यातल्या जागतिक मॉडेलांचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा. तुमची गल्ली, टेकडी किंवा तलाव त्यात नाही. एकाच मॉडेलचा आकडा कधीही उचलू नका, अनेकांचा पल्ला घ्या. २०५० पर्यंत उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या वाटांमधला, म्हणजे जग पुढे किती वायू सोडेल याच्या गृहीतकांमधला, फरक फारसा दिसत नाही, तेव्हा घराच्या निर्णयांसाठी मधली वाट पुरते.

दोन वह्या शेजारी ठेवल्यावर

उष्णतेवर सर्वांत आधी सुचणारा उपाय एसी. दीड किलोवॉट, रोज सहा तास, १०० दिवस: ९०० युनिटं, ०.८२ च्या गुणांकाने जवळपास ७४० किलो, शिवाय वायूची गळती. त्याआधी गच्चीला पांढरा परावर्तक लेप आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करून पाहा. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. हे करून पहाटेचा आकडा पुन्हा मोजा. पुरेसा उतरला नाही तर एसी घ्या, पण मग तो आर-२९० किंवा आर-३२ चा. घरात तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर ७४० किलोंकडे पाहत थांबू नका.

पाण्यासाठी भिंत बांधायची तर एक घनमीटर काँक्रीट म्हणजे साधारण ३०० किलो. १० मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड भिंत सुमारे २७० किलो पडते, आणि पाणी पाइपातून उलटं येणार असेल तर तिचा उपयोग नाही. मीटर, सॉकेट आणि बॅटरी भिंतीवरच्या खुणेच्या अर्धा मीटर वर नेण्याचं उत्सर्जन पहिल्या वहीत दिसणारही नाही इतकं कमी. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि वीज तुटल्यावर लावायचा जनरेटर कधीही घरात, जिन्यात किंवा खिडकीखाली ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिली वही वर्षातून एकदा, त्याच महिन्यात भरा. दुसरी प्रत्येक मोठ्या पावसानंतर आणि प्रत्येक उन्हाळ्याच्या शेवटी उघडा. पाणी ओसरायच्या आत भिंतीवर पेन्सिलने पातळी आणि तारीख लिहा. मातीचा पट्टा एका धुण्यात निघून जातो.